विश्लेषण : जोतिबाचा दवणा, स्टॉकहोमची बाटली, संध्याकाळसाठी महागडा ‘निश’ परफ्यूम खरंच घ्यावा का?

म्हसवडमध्ये गेल्या लग्नसराईत एका स्वागत समारंभात गलाई व्यवसायातला माझा एक मित्र आला होता. तो बाहेरच्या राज्यात असतो, गावी वर्षातून दोनदा येतो. तो जवळून गेला आणि आमच्या आत्यानं त्याला थांबवून विचारलं, “जोतिबाला जाऊन आलास व्हय रं?” तो गोंधळला. जोतिबाचं काहीच नव्हतं, अंगावर परफ्यूम होता. पन्नास मिलीच्या बाटलीला भारतात पंधरा हजारांच्या पुढे मोजावे लागतात, तसला. पण आत्याचं नाक चुकलं नव्हतं. त्या परफ्यूमचं नाव ‘मुंबई नॉइज’, बनवणारी कंपनी स्वीडनमधली बायरेडो, आणि तो लावताक्षणी जो वास पुढे येतो तो कंपनीच्याच सांगण्यानुसार दवण्याचा.

अशा बाटल्या आता सातारा-सांगलीच्या लग्नांत, वाढदिवसांत आणि मुख्य म्हणजे मोबाइलच्या पडद्यावर दिसू लागल्या आहेत. दर दुसऱ्या रीलमध्ये कुणीतरी ‘संध्याकाळसाठी बेस्ट’ म्हणून एखादी बाटली नाचवत असतं. महिन्याचा पगार वीस-पंचवीस हजार असलेली मुलं हप्त्यावर ती घेतात, हे मी पाहिलं आहे. त्यामुळे प्रश्न हौसेचा असला तरी हिशेबही तपासायला हवा. एवढ्या पैशांत नेमकं काय मिळतं? आणि ते आपल्या संध्याकाळीला चालतं का?

‘निश’ म्हणजे नेमकं काय?

मोठ्या फॅशन कंपन्या कपडे आणि चपलांच्या नावावर परफ्यूम विकतात. नट-नट्यांच्या जाहिराती, विमानतळावरची दुकानं, लाखो बाटल्या. याच्या उलट ज्या छोट्या कंपन्या फक्त सुगंधच बनवतात, मोजक्या दुकानांत ठेवतात आणि सगळ्यांना आवडेल अशा वासाच्या मागे लागत नाहीत, त्यांना ‘निश’ म्हटलं जाऊ लागलं. बायरेडो ही त्यातलीच. बेन गोरहॅम यांनी ती २००६ मध्ये स्टॉकहोममध्ये सुरू केली. त्यांची आई भारतीय, माहेर मुंबईतल्या चेंबूरचं. कंपनीच्या सुरुवातीच्या सुगंधांपैकी एकाचं नावच ‘आंसां चेंबूर’ होतं. आंसां म्हणजे फ्रेंचमध्ये धूप. लोकलच्या फलाटावरचं नाव पॅरिसच्या काचेच्या कपाटात गेलं, याचं कौतुक वाटणं साहजिक आहे.

मात्र ‘छोटी, स्वतंत्र कंपनी’ ही गोष्ट आता बरीचशी जाहिरातीपुरती उरली आहे. एस्टी लॉडरनं २०१४ मध्ये ल लाबो आणि फ्रेडरिक माल ही दोन नावं घेतली. मेझों फ्रान्सिस कुर्कजियान २०१७ मध्ये एलव्हीएमएचकडे गेलं. बायरेडोचा मोठा हिस्सा २०२२ मध्ये स्पेनच्या पुइगनं घेतला. क्रीड २०२३ मध्ये केरिंगनं विकत घेतलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये केरिंगनं आपला सौंदर्यप्रसाधनांचा व्यवसाय क्रीडसकट लॉरेयालला ४ अब्ज युरोंना देण्याचा करार जाहीर केला. ज्यांच्यापासून वेगळं म्हणून आपण जास्त पैसे देतो, मालक बहुतेकदा तेच आहेत. वास वाईट होतो असं नाही. पण ‘दुर्मीळ’ या शब्दासाठी पैसे मोजू नयेत.

बाटलीत काय असतं?

बहुतांश अल्कोहोल. फवारल्यावर ते मिनिटभरात उडतं आणि सुगंधी रेणू त्वचेवर उरतात. हलके रेणू आधी उडतात, जड नंतर. लिंबूवर्गीय वास पंधरा-वीस मिनिटांत संपतो आणि चंदन, राळ, कस्तुरीसारखे वास रात्रभर राहतात, त्याचं कारण एवढंच. ओ द त्वालेत, ओ द परफ्यूम, एक्स्त्रे हे शब्द ढोबळमानानं सुगंधी तेलाचं वाढतं प्रमाण सांगतात. त्यांची कायद्यानं ठरलेली कडक व्याख्या नाही. एका कंपनीचा ओ द परफ्यूम दुसरीच्या एक्स्त्रेपेक्षा जास्त टिकू शकतो, कारण कोणते रेणू वापरलेत यावर बरंच काही ठरतं.

वेबसाइटवर ‘दवणा, कॉफी, चंदन, ऊद, चामडं’ अशी यादी दिसते, तीही सामानाची यादी समजू नये. ते वर्णन असतं. चामडं तर कुणी बाटलीत टाकत नाही, तो वास रेणू जुळवून बांधलेला असतो. दवणा म्हटलंय तिथे खरं दवण्याचं तेल असू शकतं किंवा प्रयोगशाळेत जुळवलेला वासही. लेबलवरून ते कळत नाही. प्रयोगशाळेतलं म्हणजे हलकं, हाही गैरसमज आहे. अँब्रॉक्सनसारखे बनवलेले रेणू नसते तर आजचे निम्मे महागडे परफ्यूम नसते.

‘ऊद’ या शब्दानं आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. आपण संध्याकाळी निखाऱ्यावर घालतो तो ऊद म्हणजे झाडाची राळ, लोबानाच्या जातीची. परफ्यूमवाल्यांचा ऊद म्हणजे अगरू. अ‍ॅक्विलेरिया या झाडाला बुरशीचा संसर्ग झाला की त्याच्या लाकडात जी काळी राळ साठते, ती. आसामात ही झाडं लावली जातात. जंगलातली झाडं इतकी तोडली गेली की त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराखाली नियंत्रण आहे. हजार रुपयांच्या बाटलीवर ‘प्युअर ऊद’ लिहिलेलं असेल तर आत काय आहे याचा अंदाज आपला आपण बांधावा.

दवणा गेला कुठून, आला कुठून?

चैत्रात वाडी रत्नागिरीला जोतिबाच्या यात्रेत गुलाल, खोबरं आणि दवणा वाहतात. माणदेशातून जाणाऱ्यांनी परत येताना टोपीत, पदरात खोचलेला दवणा घरभर दरवळलेला ज्यांना आठवतो, त्यांना या वनस्पतीची ओळख नको. शास्त्रीय नाव आर्टेमिसिया पॅलेन्स. ही मुळात दक्षिण भारतातली. थंडीत लावतात, चारेक महिन्यांत फुलावर येते, मग कापून वाफेवर तेल काढतात. शेती प्रामुख्यानं कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूत. महाराष्ट्रात देवाला वाहण्यापुरती. जगातल्या परफ्यूम कंपन्या दवण्याच्या तेलासाठी भारताकडेच पाहतात.

ताज्या दवण्यात हिरवा, किंचित कडवट वास असतो. तेलात तो गोड होतो, वाळलेल्या जर्दाळूसारखा, थोडा मद्याकडे झुकणारा. सुगंधाच्या धंद्यात या तेलाची आणखी एक ख्याती आहे. ते प्रत्येकाच्या त्वचेवर वेगळं लागतं असं म्हणतात. म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर आवडला म्हणून मागवला, हा हिशेब या परफ्यूमला सगळ्यात कमी लागू पडतो.

इथे खरी खुपणारी गोष्ट येते. तेल इथून पिंपात जातं, किलोच्या भावानं. काचेच्या बाटलीत, नाव लावून परत येतं, मिलीच्या भावानं. मधला फरक बाटलीचा, नावाचा, दुकानाच्या भाड्याचा आणि मिश्रण करणाऱ्याच्या कौशल्याचा. शेवटचा भाग खरा आहे, त्याला कमी लेखू नये. तीसचाळीस घटक अशा प्रमाणात बसवणं की सहा तास ते एकमेकांशी भांडणार नाहीत, हे सोपं काम नाही. पण किमतीतला तो भाग सगळ्यात मोठा नाही.

भारतातही हे काम करणारे आता आहेत. मुंबईची बॉम्बे परफ्युमरी २०१६ मध्ये सुरू झाली. ‘मदुराई टॉकीज’ हा त्यांचा मोगऱ्याभोवती बांधलेला सुगंध संध्याकाळसाठी मला आयात बाटलीपेक्षा जवळचा वाटतो. तो स्वस्त नाही, तरी परदेशी निशच्या निम्म्याहून कमीत येतो.

किमतीत कर किती?

परफ्यूमवर मूळ सीमाशुल्क २० टक्के आहे. ते १० वरून २० टक्क्यांवर नेलं २०१८ च्या अर्थसंकल्पानं. त्यावर समाजकल्याण अधिभार, शुल्काच्या १० टक्के. म्हणजे १०० रुपयांचा माल बंदरात १२२ चा होतो. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की १४४. पुढे आयातदार, वितरक, दुकान यांचा नफा चढतो आणि ग्राहकाला शेवटच्या किमतीवर १८ टक्के जीएसटी लागतो (आयातीच्या वेळी भरलेला आयातदाराला वजा मिळतो). १८ हजारांच्या बाटलीत सुमारे २,७४५ रुपये जीएसटीचे असतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले तेव्हा केसांचं तेल, शाम्पू, टूथपेस्ट, टाल्कम पावडर ५ टक्क्यांवर आली. परफ्यूम १८ वरच राहिला. ‘जीएसटी कमी झाल्यामुळे सूट’ असं सांगून परफ्यूम विकणाऱ्या जाहिराती तेव्हा बऱ्याच फिरल्या. त्यांना अर्थ नव्हता.

मग मुक्त व्यापार करारांनी स्वस्ताई येईल का? ब्रिटनशी करार २४ जुलै २०२५ रोजी झाला. पण अशा करारात सवलत मिळते ती माल त्या देशात बनलेला असेल तर. फ्रान्समध्ये बनून लंडनच्या दुकानात विकली जाणारी बाटली त्यात बसत नाही. युरोपीय संघाशी वाटाघाटी पूर्ण झाल्याचं जानेवारी २०२६ मध्ये जाहीर झालं. तो करार प्रत्यक्ष लागू होईपर्यंत २० टक्के कायम. आणि शुल्क उद्या शून्य झालं तरी ते आयात किमतीवरचं आहे, छापील किमतीवरचं नाही. पाच हजारांना आयात झालेल्या बाटलीत त्यामुळे अधिभारासह ११०० रुपये वाचतील, तेही दुकानदारानं पुढे सोडले तर.

‘संध्याकाळचा’ परफ्यूम ही जाहिरातीची भाषा, की त्यात तथ्य आहे?

तथ्य आहे, आणि ते पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्रातलं आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा रेणूंचा बाष्पदाब साधारण दुप्पट होतो. म्हसवडमध्ये मे महिन्यात दुपारी चाळिशी गाठलेली असताना राळ-चामड्याचा जड परफ्यूम लावला तर रात्रभरात पसरायचं ते तासात पसरतं. शेजारी बसलेल्याचं डोकं धरतं. तोच परफ्यूम मार्गशीर्षात, सिद्धनाथाच्या रथाच्या सुमारास, पारा उतरलेल्या रात्री सावकाश उलगडतो. संध्याकाळी हवा थंड होते, कपडे जाड असतात आणि आपण एका जागी जास्त वेळ बसतो. म्हणून जड, गोड, धुरकट वास संध्याकाळचे ठरले.

हे काही पॅरिसचं ज्ञान नव्हे. कनौजच्या अत्तरवाल्यांनी वाळा आणि मिट्टी उन्हाळ्याला, हिना आणि शमामा थंडीला अशी विभागणी कधीच केली आहे. लग्नात कानात ठेवायचा हिन्याचा फाया आजोबांच्या पिढीला माहीत होता.

मिट्टीवरून थोडं विषयांतर. पहिल्या पावसाच्या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये ‘नेचर’मधल्या लेखात दिलं. कनौजमध्ये भाजलेली माती तांब्याच्या डेगेत घालून तिचा वास चंदनतेलात उतरवण्याची रीत त्याच्या कितीतरी आधीची. माण नदीच्या कोरड्या पात्रावर वळीव पडतो तेव्हाचा वास बाटलीत हवा असेल तर मिट्टी अत्तर घ्यावं. आमच्या भागात तरी त्याला तोड नाही, आणि किंमत निशच्या जवळपासही जात नाही.

तपासायचं कसं?

गलाईवाला सोनं बघताच भाव सांगत नाही. आधी कसोटीवर घासतो, मग बोलतो. परफ्यूमची कसोटी वेळ आहे. दुकानातल्या कागदी पट्टीवर पहिल्या दहा मिनिटांत जे आवडतं ते विकण्यासाठीच पुढे ठेवलेलं असतं, आणि आपण पैसे मोजतो पुढच्या सहा तासांचे.

मी ‘मुंबई नॉइज’चा दोन मिलीचा नमुना घेऊन तीन संध्याकाळी लावून पाहिला. दोन फवारे, मनगट आणि कोपराच्या आतल्या बाजूला. पहिली अर्धी तास दवणा स्पष्ट, गोडसर. मग कॉफी आणि चामडं वर येतं, आणि हा टप्पा सगळ्यांना आवडेल असा नाही. आमच्या घरात दोघांना जळका वास आला, एकाला नवीन गाडीचा. दोन तासांनंतर चंदन आणि राळ उरते, ती सुंदर आहे, अंगाजवळ राहते. थंडीच्या रात्री मोकळ्या मैदानातल्या मांडवात तो सहा तासांनीही होता. एका उकाड्याच्या संध्याकाळी, पंखे बंद पडलेल्या हॉलमध्ये, मला स्वतःलाच नकोसा झाला. परफ्यूम एकच, नाकही एकच.

एका दिवसात तीनपेक्षा जास्त वास घेऊ नयेत, नाक थकतं. मधे कॉफीच्या बिया हुंगायला देतात त्याचा उपयोग नाही. २०११ मधल्या एका प्रयोगात कॉफीच्या बिया साध्या हवेपेक्षा सरस ठरल्या नाहीत. स्वतःच्या बाहीचा वास घ्यावा, तेवढं पुरतं. आणि स्वतःला येईनासा झाला म्हणून पुन्हा फवारू नये, इतरांना तो येत असतोच. काही कस्तुरीसारखे कृत्रिम रेणू अनेकांना मुळात जाणवतच नाहीत, म्हणून घरातल्या दुसऱ्या नाकाला विचारणं गरजेचं. आत्या असेल तर उत्तमच.

आता हिशेब. एक फवारा साधारण ०.१ मिली, म्हणजे पन्नास मिलीत सुमारे ५०० फवारे. बाटली १८ हजारांची धरली तर फवारा ३६ रुपयांना, चार फवाऱ्यांची संध्याकाळ १४४ रुपयांना. ऐकायला फार वाटत नाही. पण वर्षात अशा संध्याकाळी किती? पंचवीस धरल्या तर बाटली पाच वर्षं चालेल. तेवढ्यात ती उन्हाळे सोसेल का, आणि तुमची आवड तीच राहील का? माझं मत सरळ आहे. वर्षाला पंचवीसपेक्षा कमी प्रसंग असतील तर पूर्ण बाटली घेऊ नये. हप्त्यावर तर अजिबात नाही. पाच-दहा मिलीची छोटी कुपी कंपनी स्वतः विकत असेल तर ती घ्यावी, मिलीमागे महाग पडली तरी.

‘सेम टू सेम’ बाटल्यांचं काय?

हजार-बाराशेत ‘इन्स्पायर्ड’ म्हणून मिळतात त्या बेकायदा असतातच असं नाही. सुगंधाला लेखन किंवा संगीतासारखं संरक्षण आहे की नाही यावर न्यायालयांचंही एकमत नाही. जून २००६ मध्ये एकाच आठवड्यात फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानं ‘नाही’ म्हटलं आणि नेदरलँड्सच्या न्यायालयानं ‘आहे’. नाव, बोधचिन्ह, बाटलीचा आकार चोरला तर मात्र तो बनावट माल. उघडपणे ‘त्यासारखा’ म्हणून विकलेला परफ्यूम घेण्यात मला काही गैर वाटत नाही. पहिला तास बऱ्याचदा हुबेहूब असतो, पुढचे तास नसतात.

धोका आहे तो मूळ म्हणून विकल्या जाणाऱ्या नकलेचा. दोन वर्षांपूर्वी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी निम्म्या किमतीत एक बाटली मागवली होती. खोकं, सेलोफेन, झाकणाचं वजन सगळं चोख. आतला वास तासाभरात गेला आणि मानेवर पुरळ उठलं. परतीची मुदत तोवर संपली होती, कारण मी ती दिवाळीसाठी जपून ठेवली होती.

आयात सौंदर्यप्रसाधनांना केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची नोंदणी लागते. सौंदर्यप्रसाधन नियम २०२० नुसार लेबलवर नोंदणी क्रमांक आणि आयातदाराचं नाव-पत्ता हवा, शिवाय रुपयांतली कमाल विक्री किंमत. हे स्टिकर नसलेली बाटली नकलीच असेल असं नाही, दुबईहून पिशवीतून आलेली असू शकते. पण तिच्याबद्दल भांडायला तुमच्या हातात काही राहत नाही. बिल जीएसटी क्रमांकासह घ्यावं. आली की लगेच उघडून पाहावी, दिवाळीची वाट बघू नये.

परफ्यूम ज्वालाग्राही असल्यानं पार्सल बऱ्याचदा विमानाऐवजी रस्त्यानं येतं. म्हसवडसारख्या ठिकाणी मुंबई-पुण्यापेक्षा दोन-चार दिवस जास्त धरावेत. आणि आल्यावर ती पत्र्याच्या खोलीत, खिडकीशी किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. उष्णता आणि उजेड यांनी रंग गडद होतो, वरचा वास आधी आंबतो. खोक्यातच, कपाटाच्या खालच्या खणात ठेवावी. आमच्याकडे ती जागा घोंगडीच्या घडीत आहे, आणि घोंगडीलाही आता थोडा दवण्याचा वास लागला आहे.